चवथीचा कायदा
केरीच्या फेरीबोटीत, मासळीची रिकामी पाटी पायाशी ठेवून ती बाई मोबाईलवर डाफरत होती. ऑनलाइन लुडोत चोरटं अ‍ॅप वापरलं म्हणून कंपनीने तिचं खातं कायमचं बंद केलं होतं.

“लबाडीला शिक्षा होणारच, मावशी,” मी म्हणालो. मीही तोच लुडो खेळतो आणि इमानदारीत हरतो.

“करूं दे शिक्षा! आमच्याकडे चवथीक गणपतीफुडे पत्त्यांत लबाडी गावली तर सगळ्यांक च्या करूची लागता. पण फुडच्या डावाक परत बसयतत. ह्यांनी माका भायरच काढल्यानी! तुमचो मोबाईल दिया बघू.”

तेरेखोल येईपर्यंत तिचं अ‍ॅप माझ्या मोबाईलात आलं आणि मी जन्मात पहिल्यांदा जिंकलो.

संध्याकाळी माझंही खातं बंद. बायकोला सगळं सांगितलं.

“आधी च्या ठेवा,” ती म्हणाली आणि कपाटातून पत्ते काढले.