ओढ्यावरचा पूल कोणत्या योजनेतला?

एक होतं आमचं गाव, घाटनांदूरच्या अलीकडं. तिथं एक सरपंच, एक ग्रामसेवक, त्यांना समदे भाऊसाहेब म्हणायचे, आणि एक मेंबर, म्हणजे मी. ओढ्यापलीकडं वस्तीवर मेंढरं राखणारा बिरू आणि त्याची नात सुगंधा. पंचायतीत पाच वर्षं बसलं की दुसरं काही साठो न साठो, किस्से लई साठतात!

ओढ्याला पाणी आलं की सुगंधाची शाळा बुडायची. बिरू म्हणाला, "काकू, औंदा पूल झाला तर शाळा. न्हाईतर पोरगी मेंढरांमागं."

*

पहिला पैसा आला तो कचरापेट्यांचा.

"ह्यात पूल बसवा की," मी म्हणाले.

भाऊसाहेब म्हणाले, "काकू, पैसा वरूनच नाव घेऊन येतो. ह्याचं नाव स्वच्छता!"

वस्तीवरच्या बायकांनी पेट्यांत पोरांची दप्तरं घातली, डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून आल्या. भाऊसाहेबांनी फोटो काढून वर पाठवला. शाबासकी आली!

*

मग हुकूम आला, आराखडा गावानंच करा. आमी दोन दिवस बसलो, पहिलं काम लिहिलं पूल. कंप्युटर घेईना. त्याच्या यादीत पूलच नव्हता.

सरपंच तापले, "मग आमाला कावून विचारलं?"

भाऊसाहेब म्हणाले, "लोकसहभाग!"

*

मार्चअखेरीला फोन. दोन दिवसांत खर्च करा, न्हाईतर पैसा परत. दोन दिवसांत काय मिळतं? सिमेंटची बाकं! ओढ्याकाठी मांडली.

बिरू टेकला. "बरं झालं. आजवर पुलाची वाट उभ्यानं बघत होतो."

*

"भाऊसाहेब, बिननावाचा पैसा कुठलाच न्हाई का?" मी विचारलं.

"हाय की, घरपट्टी. ती कशाला लावायची ते गावानं ठरवायचं. पण भरतंय कोण?"

बिरूनं हे ऐकलं. रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतात, त्याचे पैसे देतात. ते पैसे त्यानं ग्रामसभेत टेबलावर ठेवले. "ही वस्तीची घरपट्टी. आता गावाची दाखवा."

माडीवाले खाली बघायला लागले. हळूहळू निम्म्या गावानं भरली, पुलाचं काम सुरू झालं. आणि गंमत बघा, कचरापेट्यांचं ज्यांनी कधी काही विचारलं न्हाई, ते रोज ओढ्यावर येऊन वाळू हातात चोळून बघायचे! वरच्या पैशाला गावात मालक नव्हता. ह्याला घराघरात मालक.

*

पूल झाला. तालुक्याहून साहेब आले. "पाटी कुठंय? कोणत्या योजनेतून केला?"

बिरू म्हणाला, "मेंढरं बसवून."

साहेब पुलाच्या मधोमध उभे राहून मोबाईलात ती योजना शोधायला लागले. मागून सुगंधा आली, पाठीला दप्तर, पायात कोरडी चप्पल.

"साहेब, सरका की बाजूला. घंटा झाली!"