कुलसुमबीनं घेतलेली ट्रायल

अकोल्याच्या जठारपेठेत जुन्या मोटारींचं काम कुलसुमबीच्या हातचं. नवरा वली मिस्त्री वारल्यावर गिऱ्हाईकं महिनाभर दुसरीकडे फिरली आणि निमूट परत आली. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्या तिच्याइतक्या कोणालाच कळत नव्हत्या.

दोन हजार सहाच्या जुलैत बियाण्यांचे व्यापारी चंद्रभानशेठ आपली पन्नास वर्षांची मोटार घेऊन आले. दांड्यांच्या सांध्यांतले सहा रबरी बुश, म्हणजे भोकांत बसणाऱ्या कड्या, झिजले होते. नवे इतके घट्ट, की दुसऱ्या गॅरेजातल्या मिस्त्रीनं ठोकून ठोकून दोन फाडले होते.

कुलसुमबीनं बुश गरम पाण्यात टाकले. डोकं मात्र आधीच तापलं होतं. बाळापूर रस्त्यावरच्या तिच्या तीन एकरांत याच शेठच्या दुकानातलं सोयाबीन पेरलं होतं, आणि कोंब दिसत नव्हता.

"शेठ, तुमचं बी निंगालंच नाही."

"खोल पेरलं असंल. बायाइले पेरनं समजते काय?"

साबण लावलेला बुश भोकावर धरून कुलसुमबीनं पकडीनं असा दाबला, की अंगठ्याचं नख उलटलं. तरी सोडला नाही. सहाही बसवले. मग स्टिअरिंगवर बसली.

"बसा शेठ. ट्रायल घ्या लागते."

शेठचा ड्रायव्हर गॅरेजातच राहिला. गिअर झटक्यात पडत होते, शेठ खूश होते. गाव मागे पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठं चालली?"

"किती खोल पेरलं ते दाखवाले."

शेतात शेजारची चतुराबाई होती. कुलसुमबीनं शेठना पेरणीच्या तासात उभं केलं आणि माती उकरली. दोन बोटं खोलीवरच कुजलेला दाणा निघाला. पुढं दुसरा, तिसरा.

"कंपनीनं मलेच फसवलं, मी काय करू?"

"हेच लिवून द्या."

चावी तिच्या मुठीत होती आणि शेठना गाडी चालवता येत नव्हती. चतुराबाईनं वहीचा कागद आणला. शेठनी लिहून दिलं.

तो कागद तिच्या तक्रारीसोबत कृषी कार्यालयात महिनाभर पडून राहिला. साहेब पाहणीला आला तेव्हा दुबार पेरणी होऊन गेली होती. "आता काय पाहू?" म्हणाला.

"एखादा बुश ढिला ठेवाचा व्हता शेठचा," चतुराबाई म्हणाली.

कुलसुमबी तिच्यावरच उखडली. "काऊन? काम माहं व्हतं. खोटं बियानं त्याचं व्हतं."

सोमवारी दोघी कार्यालयात जाऊन साहेबाच्या टेबलासमोर बसल्या. लेखी उत्तर हाती पडेपर्यंत त्याला जेवायला उठू दिलं नाही. उत्तरात लिहिलं होतं, 'चौकशी चालू आहे.' कुलसुमबीनं ते तिथंच मोठ्यानं वाचलं आणि पुन्हा खुर्चीत बसली.