फोल्डिंगवाल्यांच्या रक्तातला रंग

हर्षदाची गोष्ट तिच्या बापापासून सुरू करावी लागते. बाप धुडकूभाऊ सुरतेत, भेस्तानच्या एका रंगाईच्या मिलमध्ये. मिलच्या कागदोपत्री तो फोल्डिंगला, म्हणजे कापडाच्या घड्या घालायला. धाकटा भाऊ वाल्मिक रंगखोलीत. वाल्मिकला धाप लागायला लागली तशी दोघांनी गुपचूप जागा बदलल्या. आम्हा खानदेशी माणसांत हे घरोघरी चालतं. ठेकेदार डोकी मोजतो, तोंडं बघत नाही.

रंगाने अंगात काय बिघडतं ते कळावं म्हणून कामगार संघटनेतर्फे मी भांडून कामगारांची रक्ततपासणी करवली. हर्षदा त्याच प्रयोगशाळेत कामाला. खाल्लेल्या, हुंगलेल्या गोष्टींचं शरीराने काय केलं, हे तिथे रक्तातल्या बारीक रेणूंवरून ओळखतात. तिचं काम ऑन्टॉलॉजीचं: प्रत्येक रेणूला, आजाराला, कामधंद्याला ठरलेली संज्ञा द्यायची, कशाचं कशाशी नातं ते जोडायचं. तेव्हाच सुरतेची माहिती दुसऱ्या शहरांच्या माहितीशी ताडता येते.

बापाच्या नमुन्याला तिने 'फोल्डिंग' जोडलं. खरं लिहिलं तर दोघांची नोकरी जाईल, ही भीती. गल्लीतल्या बाकीच्या जागा बदललेल्यांनाही तेच. मग काय, दोन्ही खात्यांची माणसं एकमेकांत मिसळली, रक्तात सारखेच रेणू! अहवाल आला: रंगखोलीचा वेगळा परिणाम नाही. मालक खूश. धुडकूभाऊ त्याहून खूश, तोंडाला रुमाल बांधायचाही त्याने सोडला.

ते हर्षदाला सोसेना. माझ्याकडे येऊन तिने सगळं ओकलं. माझं डोकं फिरलं.

"शिकलीस कशाला? बापाला मारायला?"

"शिव्या नंतर द्या, भाऊ. अहवालात कुणाचं नाव जात नाही, हे मला माहीत होतं. तरी घाबरले. 'नोंदीतलं काम' आणि 'हातातलं काम' अशा दोन संज्ञा केल्या असत्या तर भागलं असतं."

प्रयोगशाळेत तिने स्वतः कबूल केलं. काढायचं तर काढा, म्हणाली. काढलं नाही. माहिती नव्याने जोडली, तेव्हा रंगखोलीवाल्यांचं रक्त वेगळं निघालं. मग आम्ही दोघं धुडकूभाऊसमोर बसलो.

"तुले मालूम व्हतं ना, बेटा?"

"हो, बाबा."

"मंग आते तठे, रंगखोलीमा, कोन जाई? वाल्मिक?"

सकाळी धुडकूभाऊच गेला.

आता मी मिलच्या गेटसमोर बसलोय. रंगखोलीतली हवा ओढणारे पंखे लागल्याशिवाय उठत नाही. हर्षदा कामावरून येऊन आमच्यात बसते, घोषणाही देते. पाळी सुटून बाप बाहेर येताना दिसला, की मात्र उठून पलीकडे जाते.