तापाच्या गोळ्या आणि माझा डूख

आमच्या अर्धापूरकडच्या गावात मला अजूनही काही बाया 'ती गोळ्या खाल्लेली' म्हणून ओळखतात. गोळ्या मी खाल्ल्या होत्या हे खरं आहे. ताप होता म्हणून खाल्ल्या होत्या. पण हे पुढचं वाक्य कुणी ऐकूनच घेतलं नाही, आणि ते कुणी ऐकू नये याची तजवीज माझ्या थोरल्या जाऊबाईंनी केली. मी त्यांच्यावर डूख धरला. धरल्याची मला आजही लाज वाटत नाही.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरातली सासू म्हणजे या जाऊबाईच. मी त्यांना अक्का म्हणते. अक्कांच्या ताब्यात देवघर होतं आणि गोळ्यांचा एक स्टीलचा डबा होता. बाजारच्या दिवशी त्या मेडिकलमधून कात्रीनं कापलेल्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या आणायच्या, कधी किराण्याच्या दुकानातूनही. कुणाचं डोकं दुखलं, कुणाचं अंग मोडून आलं, की तोंडाकडं बघून पट्टीतली एक फोडायची आणि तळहातावर ठेवायची. केळीच्या बागेत कामाला येणाऱ्या बायासुद्धा त्यांच्याकडूनच गोळी घेऊन जात. दिवसा अंथरुणावर पडणं हे मरायला टेकलेल्या माणसाचं काम, असं अक्कांचं ठाम मत होतं. बाकीच्यांनी गोळी घ्यावी आणि कामाला लागावं.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या तोंडावर मला ताप आला. गावात डासांचा ताप चालू होता, घरटी एक माणूस सांधे धरून बसलेलं. माझी मनगटं वळत नव्हती, नाक वाहत होतं, डोकं फुटायला आलेलं. आणि घरात पुरण, आंबील, सोळा भाज्या, वर सगळी भावकी जेवायला.

"अक्का, उभं ऱ्हावत न्हाई वो," मी म्हणाले.

"लक्ष्म्या दारात आल्या अन् तू अंग टाकून राहिली व्हय? हे घे."

पांढरी तापाची, पिवळी सर्दीची, लांबट होती ती अंगदुखीची. एक उतरली की दुसरी, दुसरी उतरली की तिसरी, मग पुन्हा पहिल्यापासून. नैवेद्य होईपर्यंत पोटात अन्न नाही. तीन दुखणी आहेत, तीन वेगळ्या गोळ्या आहेत, असंच मला वाटत होतं, आणि अक्कांनाही तसंच वाटत होतं. इथपर्यंतचा दोष मी त्यांना देत नाही. गोळी हातावर त्यांनी ठेवली, गिळली मी.

महालक्ष्म्या उठल्या आणि मी पडले. उलट्या थांबेनात. नवऱ्यानं माझे डोळे उजेडात बघितले, ते पिवळे दिसत होते. नांदेडला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी एकच गोष्ट मागितली, घेतलेल्या गोळ्यांची वेष्टनं. नवरा घरी जाऊन अख्खा डबाच घेऊन आला. बाईंनी तिन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मागची बारीक अक्षरं त्याला वाचून दाखवली. नावं तीन होती, रंग तीन होते, पण औषध तिन्हींत एकच होतं, पॅरासिटामॉल. दिवसभरात जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पुढं मी गेले होते, तेही उपाशीपोटी आणि तापात. लिव्हरला सूज होती. "वाचतील," बाई म्हणाल्या, "पण वेळेवर आणलंत म्हणून."

गोळ्या जास्त गेल्याची केस म्हटल्यावर दवाखान्यानं नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं. हवालदार आला. मला बोलायची शुद्ध नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं. घरातलं थोरलं बाईमाणूस म्हणून त्यानं अक्कांना विचारलं.

"आदल्या दिशी नवरा-बायकोत वाजलं व्हतं सायेब," अक्का म्हणाल्या. "डबा घरात उघडाच ऱ्हातो. रागाच्या भरात काय खाल्लं असंल, आमाला काय म्हाईत. आमी सैपाकात व्हतो."

भांडण झालं होतं, नाही म्हणत नाही. पुरणयंत्राची चाळणी कुणी कुठं ठेवली यावरून झालं होतं. त्यावरून जीव द्यायचा ठरलं असतं तर मराठवाड्यात एक सवाष्ण उरली नसती. अक्का घाबरल्या होत्या. डबा त्यांचा, हात त्यांचा, समोर पोलीस. स्वतःला सोडवायला त्यांनी मला विष खाल्लेली बाई करून टाकलं.

शुद्धीवर आल्यावर मी सांगितलं. हवालदाराला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. गावाला काही पटेना. साध्या तापाच्या गोळ्यांनी कधी माणूस असं पडतंय का? पडलं म्हणजे मूठभर खाल्ल्या असणार, आणि मूठभर कुणी ताप उतरवायला खात नाही. शिवाय पोलीस आले होते. डॉक्टरीण वेगळं सांगते म्हणजे घरच्यांनी पैसे देऊन केस मिटवली. गावानं असा सगळा विचार करून ठेवला होता आणि त्यात मला बोलायला जागाच ठेवली नव्हती.

भाऊ मला लातूरला घेऊन गेला, महिनाभर विश्रांतीला. वाटलं, निदान माहेरी तरी. तिथं माझ्या सख्ख्या आईनं दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग गं माय, तिकडं जाच हाय का तुला?" मी नाही म्हटलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला तिचा राग आला, आणि मग रडू आलं. शेजारच्या बाया बघायला यायच्या आणि माझ्या तब्येतीपेक्षा माझ्या नवऱ्याची चौकशी जास्त करायच्या.

परत आले तर घर बदललेलं. फवारणीची औषधं कुलपात. मी विहिरीकडं निघाले की कुणीतरी कामाचं निमित्त काढून मागं. अक्कांनी गोळ्यांचा डबा माझ्यापासून लपवून ठेवला. हो, माझ्यापासून! पण हे सगळं मी गिळलं असतं. माझी लेक तेव्हा दुसरीत होती. शाळेतून आली, दप्तरही काढलं नाही आणि म्हणाली, "आई, तू मला सोडून मरणार होतीस का?" त्या दिवसापासून पोरगी माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. डूख मी तिथं धरला. चाळणीवरून नाही, गोळ्यांवरून नाही, माझ्या लेकीच्या त्या मुठीवरून.

मी वाट बघितली. वाट बघायला मला छान जमतं.

मागच्या वर्षी अक्का बागेत पाटाच्या चिखलात घसरल्या आणि कंबर धरली. मणक्यात गॅप. त्यांची सून पुण्याला नोकरीवर, मुलगा तिच्याजवळ. थोरल्या दिरांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. अक्कांचं सगळं माझ्याकडं आलं, डब्यासकट. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी लिहून दिली होती, दिवसाला किती आणि मध्ये किती अंतर ठेवायचं, सगळं समजावून. मी ते तंतोतंत पाळलं. इतक्या आनंदानं मी आयुष्यात दुसरा कुठलाच नियम पाळलेला नाही.

"आनखी एक दे गं, लई ठणकून राहिलं."

"न्हाई अक्का. डाक्टरनं जेवढं सांगितलं तेवढंच."

"अर्धी तरी दे."

"लिव्हर खराब होतं अक्का. मला म्हाईत हाय ना."

त्या तोंड फिरवून घ्यायच्या. मी उशी नीट करायचे, शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायचे, वेळेवर भाकरी द्यायचे. एका शब्दानं कुणी नाव ठेवू शकलं नसतं. बघायला आलेल्या बाया म्हणायच्या, जाऊ असावी तर अशी. आणि त्या आत कण्हत असताना मी बाहेर तांदूळ निवडत बसायचे आणि मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. त्यांना जास्त गोळ्या देऊन मला काय मिळालं असतं? मला त्या दुखत्या आणि जित्या हव्या होत्या.

पण अक्का त्या अक्काच. शेजारणीच्या हातून त्यांनी किराण्यातून मागवल्याच. एक दिवस दुपारी मी त्यांना पेज द्यायला गेले तर उलटी झालेली, डोळे अर्धे मिटलेले. उशी उचलली. खाली पट्ट्या. पांढरी, पिवळी, लांबट. डॉक्टरांनी लिहून दिलेली, मी रोज देत होते ती वेगळीच.

मी घाबरले, हेही खरं सांगते. मी नवऱ्याला हाक मारली, पट्ट्या रुमालात बांधल्या, गाडीत घालून अक्कांना नांदेडला नेलं आणि रुमाल डॉक्टरांच्या टेबलावर सोडला. कोणती गोळी कधीपासून, जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. औषधाच्या बाबतीत मी सूड घेत नाही. लगेच सलाईनमधून औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, लिव्हर वाचेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आला. हा दुसरा होता, वयानं लहान. अक्का उशाला टेकून बसल्या होत्या. कॉटभोवती थोरले दीर, माझा नवरा, आणि गावाहून पहिल्या गाडीनं आलेल्या भावकीतल्या दोघी जणी.

"एवढ्या गोळ्या का घेतल्या आजी?"

"दुखत व्हतं म्हून घेतल्या. दुसरं काय?"

"घरात काही त्रास?"

"मरायला न्हाई घेतल्या रं बाबा! कंबर दुखत व्हती."

"असंच म्हणावं लागतंय माय," भावकीतली एक हळूच बोलली. दुसरीनं मान हलवली. थोरल्या दिरांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "काय कमी केलं गं म्या तुला?"

अक्का एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिल्या. ते बघणं मला ओळखीचं होतं. तसं मी महिनोन् महिने बघितलं होतं. त्या खरं बोलत होत्या आणि एक माणूस मानत नव्हतं. त्या खोलीत त्यांच्यावर विश्वास असलेली एकटी मीच होते, आणि हे अक्कांच्याही ध्यानात आलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू सांग गं या समद्यायला. तुला म्हाईत हाय."

"सांगते की," मी म्हणाले. "आधी तुम्ही माझं सांगा."

"कोण्चं?"

"महालक्ष्म्यांच्या वेळचं."

त्यांचा हात सैल पडला. हवालदाराला काही कळेना, त्यानं पेन खाली ठेवलं. मी घाईत नव्हते. सलाईन थेंब थेंब पडत होतं आणि मी अक्कांच्या डोळ्यांत बघत उभी राहिले.

"त्या सणात," अक्का पुटपुटल्या, "तिला गोळ्या म्याच दिल्या व्हत्या."

"मोठ्यानं, अक्का. भावजींना ऐकू येत न्हाई."

"म्याच दिल्या व्हत्या!" त्या ओरडल्या. "माझ्या हातानं दिल्या. सैपाक व्हईना म्हून दिल्या, एकावर एक. जीव-बीव काई देत न्हवती ती. पोलिसाला भिऊन म्या तसं बोलले."

भावकीतल्या दोघींची तोंडं बघण्यासारखी झाली. मी त्यांच्याकडं हसून बघितलं. मग हवालदाराकडं वळले आणि अक्कांनी खरोखर दुखतं म्हणूनच गोळ्या घेतल्या, तिन्हींत एकच औषध असतं हे त्यांना माहीत नव्हतं, असं नीट सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. अक्का रडत होत्या. माझं पोट निवलं. खोटं कशाला बोलू, चांगलं निवलं.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसले. नवरा मागून आला, शेजारी टेकला. बराच वेळ चप्पल फरशीवर घासत राहिला.

"मग हे तू तवाच सांगायचं ना," तो म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा करत नव्हता. त्याला खरंच आत्ता, या घडीला कळलं होतं.

त्याला मी दवाखान्यातल्या कॉटवरून सांगितलं होतं. लातूरहून फोनवर सांगितलं होतं. ताट वाढताना, बागेत पाणी सोडताना, लेक झोपल्यावर, किती वेळा. दर वेळी तो "हाव" म्हणाला होता. बायकोनं वर्षानुवर्षं सांगितलेलं त्याच्या कानाच्या आत शिरलं नव्हतं, आणि वहिनीनं एकदा ओरडून सांगितलं ते लगेच पटलं. अक्का एकदाच खोटं बोलल्या होत्या. यानं ते रोज सकाळी उठून नव्यानं खरं मानलं होतं, आणि मी याच्यासाठी डबे भरत होते.

"गाडी काढा," मी म्हणाले. "लातूरला जायचं. माझ्या मायला आन् पोरीला हे तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं, त्यांच्यासमोर बसून."

लेक काही वर्षांपासून माझ्या आईकडंच राहते, आता तिथल्या शाळेत दहावीला आहे.

"फोनवर सांगू की," तो म्हणाला.

मी उठले आणि गाडीत जाऊन बसले.