दगडाबाईंचं सारवलेलं रान

आमच्या शेजारणीला, दगडाबाईंना, पाहुणा येणार असं कळायचा अवकाश, की त्या अंगण सारवतात, ओटा सारवतात. मधे उभं राहिलात तर तुम्हालाही सारवतील. एवढं सोडलं तर बाई सोन्यासारखी.

मानवतजवळच्या त्यांच्या काळ्या रानात शेततळं मंजूर व्हायचं होतं. कोरडवाहू कापसाला दिवाळीआधी एक तरी पाणी देता यावं, हा त्यांचा सात वर्षांचा ध्यास. पण तळं भरेल की नाही, हे पावसाच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या शुभदा मॅडमचा संगणक सांगणार होता. त्यासाठी मॅडमनी रानातला खोलीएवढा तुकडा पत्र्यांनी बंदिस्त केला, उताराला नळी लावून ड्रम ठेवला, शेजारी पर्जन्यमापक. पडला किती, मातीनं गिळला किती, वाहिला किती, एवढंच गणित.

जूनमध्ये साठ मिलिमीटर पाऊस झाला आणि ड्रम कोरडा ठणठणीत! उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या, त्यांनी सगळा गिळला. दगडाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तळं हातचं जाणार, आणि रानाची ही खादाडी पाहुण्यांसमोर!

आठ दिवसांनी वीसच मिलिमीटर पडला आणि ड्रम भरून वाहिला. संगणक चक्रावला. मॅडम धावत आल्या. बघतात तर तुकड्यातली एकूण एक भेग बुजवलेली, वर शेणाचं सारवण आणि कोपऱ्यात पावसानं फिसकटलेली रांगोळी.

“मावशी, हे काय?”

“तुमी येणार म्हनून जरा नीट केलं. असल्या फाटक्या रानात मापं घ्यायची का?”

मॅडम हसून हसून बांधावरच बसल्या. “मावशी, माती किती पिते तेच तर मला हवंय. ती पिणं थांबवते कधी?”

“पोट भरल्यावर! माती फुगती, भेगा मिटत्यात. भेगंत बोटबी जाईना झालं की पानी पळाया लागतं. पोळ्याच्या आसपास.”

मॅडमनी तेही गणितात घातलं आणि शेजारी नवा तुकडा आखला. शेणाची पाटी घेऊन तिकडे फिरकायची दगडाबाईंना सक्त मनाई. बिचाऱ्या रोज जायच्या आणि हात पाठीमागे बांधून भेगांकडे बघत राहायच्या. आम्हालाच बघवत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जोराची सर आली. लगेच मॅडमना फोन गेला.

“ड्रम भरून वाहायलाय! म्या हातबी लावला न्हाई, बैलाची आण!”

गणित जुळलं, तळं मंजूर झालं. उन्हाळ्यात खोदाई झाली आणि मॅडम बघायला आल्या, तर दगडाबाई शेणाची पाटी घेऊन तळ्याच्या बुडाशी.

“मावशी, पुन्हा?”

“इथं तर मातीनं गिळल्यालं चालत न्हाई न्हवं?”