डांबराखाली गेलेली वडिलांची नावे

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतल्या कित्येकांचे तपशील आता जुळत नाहीत. त्या काळ्या दगडाच्या चोरीचा दिवस मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे, कारण त्यात मोठी चूक माझी होती.

मी तेव्हा चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक जुने गाव होते. शेतांच्या जागी कंपन्या आल्या, गावठाणाभोवती भाड्याच्या खोल्या उठल्या, तरी वेशीपाशी एक दगड जुन्या काळापासून उभा होता. त्यावर एक नाव, आडनाव आणि 'गावाचे शूर पुत्र' एवढीच अक्षरे. ते नाव मी इथे लिहीत नाही. अडचण अशी की, त्या नावाचे दोन पुरुष गावात होऊन गेले होते. एक गावठाणातला, इंग्रजांविरुद्ध भूमिगत राहून तुरुंगात मेलेला. दुसरा आजच्या बौद्ध वस्तीतला, पलटणीत जाऊन परदेशी लढाईत पडलेला. आडनावही एकच, आपल्याकडे यात नवल नाही. गावठाणातले लोक एका दिवशी दगडाला हार घालत, वस्तीतले दुसऱ्या दिवशी. दगड आपल्याच माणसाचा, अशी दोघांचीही खात्री होती आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हते.

रस्ता रुंद करायचे निघाले. दगड नव्या चौकात हलवून शेजारी माहितीचा फलक लावायचे ठरले. फलक आला, की माहिती कुणाची लिहायची हा प्रश्न आलाच. माझ्या टेबलावर दोन अर्ज पडले. मी दोन्हीकडच्या लोकांची शांतता समितीची बैठक घेतली, चहा पाजला आणि प्रकरण निवळले असे समजून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी सकाळी दगड जागेवर नव्हता.

नऊ वाजता ठाण्याच्या आवारात गावठाणातली शंभरेक माणसे जमली. तुरुंगात गेलेल्याचा पुतण्या त्यांचा पुढारी. "साहेब, आमच्या चुलत्याचा दगड उपटलाय," तो म्हणाला. "सांजच्याला मिळाला न्हाई तर ही पोरं माझं ऐकायची न्हाईत."

तेवढ्यात फाट्यावरच्या चहावाल्याचा फोन आला. तो माझा जुना खबऱ्या. पहाटे दगड गाडीत चढवताना त्याने पाहिला होता. कोण होते विचारल्यावर त्याने एक नाव सांगितले, दगडावरचेच. आपल्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव पुढच्या मुलाला ठेवतात. सैनिकाचा नातू त्याच नावाचा आहे हे मला ठाऊक होते, वस्तीच्या अर्जावर त्याची सही होती. मी फोन ठेवला आणि दोन शिपाई पाठवले. तक्रार गावठाणातून आली तर संशयित वस्तीत शोधायचा, असे मला कुणी सांगितले नव्हते. मीच ते धरून चाललो.

तो गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत पहिल्या शिफ्टला होता. शिपायांनी त्याला कंपनीच्या गेटवरून, युनिफॉर्ममध्ये, सगळ्यांच्या देखत आणले.

"गाडी कुणाची होती?" मी विचारले.

"साहेब, माझ्याकडं सायकल बी न्हाई. कंपनीच्या बसनं जातो."

"दगड कुठंय?"

"मला काय म्हाईत? माझ्याच आजोबाचा दगड मी कशापायी चोरू?"

फलकावर दुसऱ्याची माहिती येऊ नये म्हणून, असे मीच त्याला सांगितले. सहा वर्षे कंत्राटावर काढल्यावर त्याच दुपारी त्याला कायम झाल्याचे पत्र मिळणार होते. "दोन वाजता एचआरनं बोलवलंय, साहेब. तेवढं पत्र घिऊन येतो, मग दिवसभर बसवा." मी नाही म्हटले. त्याची आई आली. "जयभीम साहेब. हवं तर त्याला सोडू नका, पण कंपनीत एक फोन तरी करा," एवढेच ती मागत होती. चौकशी संपल्यावर बघू, असे उत्तर मी दिले. अपराधी माणूस सहसा दाराकडे बघतो. हा घड्याळाकडे बघत होता. मला ते दिसत होते, पण बाहेरच्या गर्दीचा आवाज मला जास्त मोठा वाटला.

तीनच्या सुमारास आमच्या वयस्क हवालदाराने जबाब लिहायला घेतला. सुरुवात नेहमीची: पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार. वडिलांचे नाव लिहिताना त्याचा हात थांबला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "खबऱ्यानं बापाचं नाव सांगितलं व्हतं का?"

मी चहावाल्याला फोन लावला. "अवो, फॅब्रिकेशनवाला!" तो म्हणाला. "पुढाऱ्याचा पोरगा. त्याचं बी नाव त्येच, चुलत आज्याचं. त्याचंच पिकअप व्हतं. तुम्ही कुठं इचारलं?"

त्याच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दगड ताडपत्रीखाली होता आणि शेजारी ग्राइंडर. पुढाऱ्याचा मुलगा पळाला नाही, खाली बसून राहिला. दगडाचा मातीत गाडलेला हातभर भाग त्याने धुतला होता. त्यावर आणखी दोन ओळी होत्या. एका ओळीत भूमिगताच्या वडिलांचे नाव, दुसरीत सैनिकाच्या. जुन्या लोकांनी दगड दोघांसाठी उभा केला होता. नाव एकच म्हणून एकदा कोरले आणि खाली दोन बाप लिहिले. पुढे दर काही वर्षांनी डांबरीकरण झाले, रस्ता वर आला, बाप जमिनीखाली गेले आणि गाव ते विसरून गेले. सैनिकाच्या वडिलांच्या नावाशेजारी ग्राइंडरचा बोटभर चरा होता. तो नावापर्यंत पोचला नव्हता.

"जेसीबीनं कडंची माती काढली तवा मला दिसलं," तो म्हणाला. "म्हटलं, एक वळ घासून टाकू आन गुपचूप ठिवून येऊ. फलक आमचाच झाला असता."

"मग थांबलास का?"

"शाळेत आमी दोघं एका बाकावर. नाव एकच, म्हणून मास्तर बापाच्या नावानं हजेरी घ्यायचे. त्याच्या बापजाद्यावर मशीन चालवायला हात झाला न्हाई, साहेब."

"तो सकाळपासून माझ्या बाकावर बसलाय. तुझ्या जागी," मी म्हणालो. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला. पुढाऱ्याने दोन्ही ओळी स्वतः वाचल्या आणि गर्दीला घरी पाठवले. आज तो दगड चौकात उंच ओट्यावर आहे. दोन्ही बाप वाचता येतात, चराही दिसतो.

वस्तीतल्या त्या माणसाला मी पाचला सोडले. स्टेशन डायरीत नोंद केली, 'नामसाधर्म्यामुळे चौकशीस आणले, सोडून दिले.' दुसऱ्या दिवशी खुलाशाचे पत्र घेऊन मी स्वतः कंपनीत गेलो. तिथल्या साहेबांनी ते अदबीने फाइलला लावले. तो कायम झाला नाही आणि दोन महिन्यांनी कंत्राटही संपले. माझ्याकडून त्याचे जे गेले, ते कुठल्याही पंचनाम्यात आले नाही. वडिलांचे नाव मी हजारो कागदांवर लिहून घेतले होते. रकाना भरायचा म्हणून भरला. माणूस कोण हे कळावे म्हणून तो रकाना आहे, हे मला त्या दिवशी कळले आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

निवृत्तीनंतर एकदा चिंचवड स्टेशनवर तो भेटला. "साहेब, ओळखलं का?" मी लगेच त्याचे नाव घेतले. त्याने नकारार्थी मान हलवली आणि सावकाश सगळे सांगितले: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय बेचाळीस, धंदा थेरगावच्या वर्कशॉपात नोकरी, राहणार रहाटणी. मी कंपनीला पत्र लिहिले होते, पण इतक्या वर्षांत त्याची माफी मागितली नव्हती. ती तिथे बाकावर बसून मागितली.

तो म्हणाला, "तुमच्या कागदावर हे पहिल्याच वळीत असतंय, साहेब. सकाळीच इचारायचं व्हतं."