डोक्यातली काळी एक

धाराशिवात आमचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम, पण तो शब्द फक्त पाटीवर. गिऱ्हाईक 'पेटी बिघडलीय' असंच म्हणत येतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. सहा वर्षांपूर्वीपर्यंत दुकानात कामाची वाटणी ठरलेली होती. भाता, चामडं, पट्ट्या, खिळे, पॉलिश माझ्याकडं. सूर अण्णांकडं.

सूर म्हणजे पेटीच्या पोटातल्या पितळी जिभा. टोकाशी कानस घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. ऐकायला सोपं आहे. पण कुठं थांबायचं ते कानानं ठरतं, आणि माझा कान कच्चा. हे अण्णांनी मी शाळेत असतानाच सांगून टाकलं होतं. रागानं नाही, शर्ट आखूड आहे म्हणून सांगावं तसं. "भाता तू चांगला करतूस. सुराला हात लावू नगंस." पन्नाशी जवळ आली तरी मी लावला नव्हता.

अण्णांच्या डोक्यात काळी एक होती. पेटीवरची ही पहिली काळी पट्टी. ते सगळी पेटी तिच्यावरून लावायचे, आणि तिला स्वतःला कशावरूनही लावायचे नाहीत. तोंडातली तंबाखू थुंकायची, चूळ भरायची, तोंड मिटून 'हूं' म्हणायचं. निघाली ती काळी एक. स्टँडवर एस.टी.चा हॉर्न वाजला की म्हणायचे, "ही तुळजापूर पांढरी चारात वरडायलीय. काल काळी तीनात होती. ड्रायव्हर बदलला का काय?" लोक हसायचे, पण पेटी त्यांच्याकडंच आणायचे.

पेटी तयार झाली तरी ती दुकानातून परस्पर जायची नाही. अण्णा स्वतः ती घेऊन गावात जायचे, तिथल्या दुसऱ्या पेटीशेजारी ठेवायचे आणि दोन्हींची तीच पट्टी एकदम दाबायचे. दोन सुरांत केसाएवढा फरक असला तरी आवाजात एक थरथर ऐकू येते. ती थांबल्याशिवाय ते माघारी यायचे नाहीत. याला आमच्या घरात मिळवणी म्हणत. मिळवणीपायी त्यांच्या कितीतरी शेवटच्या गाड्या चुकल्या.

मग फोनमध्ये ट्यूनर आला. फोन पेटीशेजारी ठेवायचा आणि पट्टी दाबायची. पडद्यावरचा काटा मधोमध उभा राहिला, हिरवा झाला, की सूर बरोबर. डावीकडं गेला तर उतरलाय, उजवीकडं गेला तर चढलाय. कच्च्या कानाच्या माणसाला आणखी काय पाहिजे? मी अण्णांच्या नकळत शिकलो. पहिलं काम केलं ते तेर गावच्या एका पेटीचं, अण्णा डोळ्याच्या दवाखान्यात गेले होते तेव्हा. तिच्या दोन जिभा मोडल्या होत्या. पेटी जुनी, सगळीच्या सगळी जरा चढी. नव्या जिभा बाकीच्यांशी जुळायला हव्यात, म्हणून मी ट्यूनरचा पायाच वर सरकवला. त्यात वरच्या कोपऱ्यात चारशे चाळीस असा आकडा असतो, सगळे सूर त्याच्यावरून मोजले जातात. तो मी चारशे सेहेचाळीस केला, दोन जिभा लावल्या, आणि आकडा परत खाली आणायला विसरलो.

विसरणं कुणाच्याही हातून होतं. विसरलो म्हणून मी हे लिहायला बसलेलो नाही.

पुढच्याच आठवड्यात येरमाळ्याकडच्या एका गावच्या भजनी मंडळाची पेटी आली. चार दिवसांनी तिथं सप्ताह बसणार होता. अण्णांनी सगळे सूर लावले, काळी एक दाबली, मान डोलावली. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती बसली होती म्हणूनच बहुतेक मी फोन काढला आणि पेटीवर ठेवला. काटा डावीकडं गेला.

"अण्णा, तुमची काळी एक उतरलीय."

"फोनाला काय कळतंय सुरातलं?"

"फोनाला तेवढंच कळतंय."

गिऱ्हाइकं हसली. मला ते हसणं आवडलं, हे आज लिहायला नको वाटतं, पण आवडलं. अण्णांनी चूळ भरली, 'हूं' केलं. काटा डावीकडं. परत केलं. काटा पुन्हा त्याच जागी. तिथंच मला कळायला हवं होतं. बिघडलेला कान दरवेळी वेगळ्या जागी चुकतो, तो एकाच रेघेवर असा येऊन थांबत नाही.

"मिळवणीला गेल्यावर कळंल की," अण्णा म्हणाले. "देवळात दुसरी पेटी हाय. म्याच लावलेली."

"मिळवणी कशाला आता? मशीन आहे की. तिथं सप्ताहाची गडबड असंल."

अण्णांनी कानस उचलली. तीन दिवस ते घासत होते आणि मी फोन धरून सांगत होतो. चढवा, अजून, अजून थोडं, बास. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्या बासवर थांबत होता.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं पेटी घेऊन देवळात गेलो. मंडळाचे गायक, ज्यांना सगळे बुवा म्हणत, त्यांनी आमची पेटी देवळातल्या पेटीशेजारी ठेवली आणि दोघींवर एकदमच सूर धरला. पहिल्याच सुराला मंडप थरथरला. पखवाजवाल्यानं हात उचलून घेतले.

"मास्तर, ह्या दोघी सवती व्हय?" बुवा अण्णांना म्हणाले. "एकमेकीला बघून थरथरायल्यात."

मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरला कवळीसंगं नवा कान बी बसवून आणा की आता!"

मांडीवर थापा मारून लोक हसले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी दोन्ही पेट्यांवर हात ठेवला, पुन्हा दाबलं, ऐकलं. मग माझ्याकडं वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "लाव तुझं मशीन. बघ कोण खरं."

मी फोन काढला. पडदा उजळला आणि कोपऱ्यात मला चारशे सेहेचाळीस दिसलं.

क्षणात सगळं कळलं. तेरची पेटी आठवली, माझं बोट आठवलं. देवळातली पेटी बरोबर होती. अण्णांनी आमची पेटीही आधी बरोबरच लावली होती आणि मी तीन दिवस खर्चून ती त्यांच्याच हातानं बिघडवली होती. बुवा, पखवाजवाला, टाळकरी सगळे फोनावर वाकले होते. आकडा कुणालाच कळण्यासारखा नव्हता. काटा मात्र सगळ्यांना दिसत होता. अण्णांनी देवळातल्या पेटीची काळी एक दाबली तेव्हा तो डावीकडं गेला.

"काय म्हणतंय?" अण्णांनी विचारलं.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला सुरातलं काही विचारलं होतं.

"देवळातली उतरलीय, अण्णा."

भीतीनं बोललो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. भीती होती, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी होतं. इतकी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला ती जागा सोडवली नाही.

अण्णा खाली बसले. "म्हंजी ही बी म्या उतरलेलीच लावली हुती," ते हळू म्हणाले. "आन त्येला तर चार वर्षं झाली."

ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मला वाटलं होतं, एका पेटीपुरतं खोटं आहे. ते त्यांच्या सगळ्या मागच्या कामाला जाऊन लागलं. परत येताना एस.टी.त ते एवढंच म्हणाले, "उद्यापासनं सुराचं तूच बघ." आमच्याबरोबर देवळातली पेटीही होती. ती मी तीन दिवसांत चुकीच्या आकड्यावर चढवून दिली. दोघी एकसारख्या चुकल्या आणि थरथर गेली. गावानं मला शाबासकी दिली.

मग अण्णांनी सुरू केलं ते मला कधी सुचलंही नसतं. ते गावोगाव जायला लागले. कुणाची पेटी केव्हा लावली ते त्यांना सगळं पाठ होतं. सकाळची गाडी धरायची, त्या गावात उतरायचं, मंडळाच्या माणसाला गाठायचं आणि सांगायचं की माझ्याकडून तुमची पेटी उतरलेली गेलीय, द्या, लेकाकडून नीट करून आणतो. तामलवाडीच्या एका गृहस्थांनी मला फोन केला. "तुमच्या वडलांना काय झालंय हो? चांगली वाजणारी पेटी हिसकून न्यायलेत. आमी न्हाय म्हणालाव तर हात जोडायलेत."

पेट्या दुकानात येत राहिल्या. आकडा मी तोवर चारशे चाळीसवर आणला होता. अण्णा घरी गेले की मी एकेक उघडायचो, फोन ठेवायचो, काळी एक दाबायचो. काटा मधोमध. हिरवा. दुसरी पेटी, मधोमध. एखादी जीभ जुनी होऊन केसभर सरकलेली असायची, बाकी सगळं जागच्या जागी. दहा-दहा वर्षांपूर्वी त्या माणसानं चूळ भरून, 'हूं' म्हणून जे लावलं होतं ते हललं नव्हतं. अशा किती पेट्या मी उघडल्या ते सांगत नाही. प्रत्येक पेटी मला एकच गोष्ट सांगत होती आणि ती ऐकणारा मी एकटाच होतो. दोन दिवस पेटी ठेवून घ्यायची, धूळ झटकायची, भाता पुसायचा आणि 'झाली' म्हणून द्यायची. लोक वाजवून बघायचे आणि म्हणायचे, "आता कशी ग्वाड लागायलीय!" अण्णा बाकावर बसून ते ऐकायचे आणि मान हलवायचे.

त्या दिवसांत रोज ठरवायचो, आज सांगू. पण जितक्या पेट्या आल्या तितकं सांगणं अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी एक खोटं कबूल करायचं होतं. महिन्याभरानं त्यांचं हात जोडणंही माझ्याच खात्यात आलं होतं.

ते गुणगुणायचे, अंघोळीला बसले की, जेवण झाल्यावर, दाढी करताना. ते बंद झालं. शेजारच्या गल्लीत भजन असलं तरी जात नाहीत. दुकानात येऊन बसतात, गिऱ्हाइकानं काही विचारलं तर माझ्याकडं बोट करतात. "लेकाला इचारा. माझा कान गेलाय." हे सांगताना त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल थोडा अभिमान असतो, तो मला सहन होत नाही.

यंदा त्यांनी घरातली स्वतःची पेटी शाळेला द्यायचं काढलं. सहा वर्षांत तिला हात लावला नव्हता. "पोरं वाजवतील," म्हणाले. "तेवढी तू नीट लावून दे. ती बी उतरलेलीच असंल."

मी ती त्यांच्या समोरच उघडली. फोन ठेवला, पट्टी दाबली. काटा मधोमध उभा राहिला. मग मी बोललो. तेरची पेटी, सरकवलेला आकडा, मिळवणी टाळली ती, देवळात आकडा दिसूनही खोटं बोललो ते, गावोगावच्या पेट्या, ज्यांना मी कानस लावलीच नाही. काही गाळलं नाही. बोलताना मी त्यांच्याकडं बघत नव्हतो, पेटीकडं बघत होतो.

माझं सांगून झाल्यावर अण्णा म्हणाले, "पेटी द्यायची म्हणून तुला वाईट वाटायलंय व्हय?"

"तसं नाही अण्णा. खरं सांगतोय. हा बघा आकडा."

"त्येच्यातलं मला काय कळतंय?"

"मग सूर म्हणा. तुमची काळी एक म्हणा. आत्ता. मी पट्टी दाबतो, तुमच्याच कानानं ऐका."

त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. मी पुन्हा म्हणालो. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा, आणि मला समजावलं.

"आरं, म्हातारा खचंल म्हणून बोलायलास, मला कळत न्हाय का? असं काय असतं तर त्या दिशीच देवळात सांगितलं असतंस की तू. सगळ्यांच्या म्होरं बापाचं हसू होऊ दिलं असतंस व्हय? तसला न्हाईस तू."

यावर माझ्याकडं उत्तर होतं. तसलाच आहे मी, एवढंच म्हणायचं होतं, आणि त्यांना पटेपर्यंत म्हणत राहायचं होतं. त्यांचा कान त्यांना परत द्यायचा तर त्यांचा मुलगा त्यांच्याकडून काढून घ्यावा लागणार होता. ऐंशीव्या वर्षी त्यांच्याकडं तेवढं एकच राहिलं होतं आणि तेही खोटं होतं.

मी पेटी बंद केली. त्यांनी विचारलं, "झाली का लावून?"

"झाली," मी म्हणालो.